पेपर स्प्रे, अलार्म, टॉर्च सहा महिने वापरून बघितलं: साताऱ्यात रात्री उशिरा घरी येणाऱ्या बायकांसाठी

सदर बझारमधल्या एका लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे, दुपारची शिफ्ट, शेवटचे रिपोर्ट टाकून शटर खाली यायला साडेनऊ दहा वाजतात आणि मग स्कूटीवरून पोवई नाका, राधिका रोड करत करंजे भागात घर. दहा बारा मिनिटांचा रस्ता. नोव्हेंबरात सलग तीन रात्री एकच बाईकवाला नाक्यापासून मागं मागं यायला लागला, काही बोलला नाही, जवळ आला नाही, फक्त मी स्लो केली की तो पण स्लो. चौथ्या रात्री दिसला नाही, नंतर कधीच दिसला नाही, पण त्या तीन रात्री घरी पोचल्यावर मला कुलपात चावी घालता येत नव्हती इतका हात थरथरायचा. तेव्हाच ठरवलं की आता काहीतरी जवळ ठेवायचंच आणि जे ठेवायचं ते नीट समजून घेऊन ठेवायचं.

मग जे जे सापडलं ते घेतलं. दोन पेपर स्प्रे, एक पिन ओढायचा अलार्म, एक छोटा चार्जिंगचा टॉर्च, एक शिट्टी, सगळं मिळून अठराशेच्या आसपास गेले. सहा महिने रोज बरोबर आहे. कंपन्यांची नावं देत नाही कारण दुकानात आणि ऑनलाइन दर महिन्याला वेगळाच डबा दिसतो, काय बघून घ्यायचं ते लिहिते.

पहिलं पेपर स्प्रेबद्दल, कारण सगळ्या बायका तेच विचारतात. आपल्याकडे त्याला लायसन लागत नाही, मेडिकलमध्ये पण मिळतो. आत असतो मिरचीचा तेलकट अर्क, ओलिओरेझिन कॅप्सिकम, त्यातलं कॅप्सेसिन. आपल्या शरीरात उष्णता ओळखणारे जे रिसेप्टर असतात त्यांनाच ते जाऊन चिकटतं, म्हणून चटका बसल्यासारखं होतं, डोळे आपोआप मिटतात, खोकला सुटतो. (ह्या रिसेप्टरच्या शोधाला २०२१ चं नोबेल मिळालंय, लॅबवाली असल्यामुळं एवढं सांगायचा मोह आवरत नाही.) असर साधारण अर्धा पाऊण तास राहतो आणि कायमची इजा सहसा होत नाही. हे सगळं डब्यावर असतंच. डब्यावर जे नसतं ते मला गच्चीवर कळलं.

पहिला स्प्रे फॉगवाला होता, म्हणजे दाबलं की धुरासारखा पसरतो. मला वाटलं पसरतोय तर नेम धरायला नको, बरं आहे. संध्याकाळी गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीच्या दिशेनं एक सेकंद दाबला आणि अजिंक्यताऱ्याकडून जे वारं आलं त्याबरोबर निम्मा माझ्याच तोंडावर. वीस मिनिटं मला डोळे उघडता येत नव्हते, सासूबाई घाबरून दूध घेऊन वर आल्या. दूध नको, साधं गार पाणी भरपूर, डोळे चोळायचे नाहीत, मोकळ्या हवेत उभं राहून पापण्या सारख्या उघडझाप करायच्या, लेन्स असतील तर लगेच काढायच्या आणि कातडीवर तेलकट थर राहतो म्हणून बेबी शांपू किंवा सौम्य साबण, हे तेव्हा माझ्या नवऱ्यानं मोबाईलवर शोधून सांगितलं. तुम्ही आधीच वाचून ठेवा, त्या क्षणी शोधायला जमत नाही.

तर साताऱ्यासारख्या वाऱ्याच्या गावात फॉगवाला घेऊ नका, स्ट्रीमवाला नाहीतर जेलवाला घ्या. स्ट्रीम म्हणजे पिचकारीसारखी सरळ धार, लांब जाते, वाऱ्यानं कमी वळते, फक्त नेम लागतो, तोंडावर डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत आडवा फिरवायचा. लहान डब्याची मार दोन तीन मीटर, त्याच्या पुढे जाईल म्हणून भरवसा ठेवू नका. आणि एक, माणूस दारूच्या नशेत पार बधिर असेल तर मिरचीचा असर उशिरा होऊ शकतो, म्हणून मारून उभं राहून बघायचं नाही, मारायचं आणि त्याच सेकंदाला पळायचं, उजेडाकडं, माणसांकडं.

दुसरा स्प्रे मी राजपथावरच्या एका दुकानातून घेतला, स्ट्रीमवाला, घरी येऊन बघते तर एक्सपायरी पुढच्याच महिन्याची. ही चूक तुम्ही करू नका, मी पण लॅबमध्ये रोज किटची तारीख बघते आणि इथं बघितली नाही याचं मला फार वाईट वाटलं. मिरची खराब होत नाही लवकर, पण आतला गॅस हळूहळू निघून जातो, मग दाबल्यावर धार न निघता नुसतं ओघळतं. नवीन डबा साधारण दोन तीन वर्षं चालतो, बुडाशी तारीख असते, दुकानदाराच्या समोर वाचा. दुकानदारानं बदलून दिला, वाद घातला नाही. आणि डबा स्कूटीच्या डिकीत ठेवू नका, एप्रिल मे मध्ये उन्हात उभ्या गाडीची डिकी तापून काय होते माहितीये, दाबाचा डबा आहे तो, आणि डिकीत असला तर वेळेला काय उपयोग.

ठेवायचा कुठं हा खरा प्रश्न. पहिले पंधरा दिवस माझा स्प्रे पर्समध्ये होता, पर्स डिकीत. एका रविवारी नवऱ्याला म्हटलं की मी चालत येते, तू मागून ये आणि कधीही खांद्यावर हात ठेव, बघू मला किती वेळ लागतो. पर्सची चेन, आतला कप्पा, रुमाल, चाव्या, सॅनिटायझर, ह्यातून स्प्रे हातात यायला अकरा सेकंद लागले आणि हे मला माहिती असताना की तो येणारे. मग जॅकेटच्या उजव्या खिशात ठेवला, दोन सेकंद. लॉक अंगठ्यानं न बघता उघडता आलं पाहिजे, त्यासाठी रोज टीव्ही बघताना वीस वेळा केलं, आता बोटांना सवय झालीय. त्या दोन सेकंदांसाठी पण मी ह्या स्प्रेला पाचपैकी चारच देईन, कारण माणूस दोन पावलांवर आल्याशिवाय त्याचा उपयोग नाही आणि मला माणूस दोन पावलांवर येऊच द्यायचा नाहीये.

म्हणून अलार्म. सहा महिन्यांत मला सगळ्यात पटलेली वस्तू हीच, चारशे साठ रुपये, किल्लीला अडकवायची, पिन ओढली की किंचाळायला लागते आणि पिन परत घालेपर्यंत थांबत नाही. बॉक्सवर १३० डेसिबल लिहिलंय, तो आकडा अगदी जवळ धरून मोजलेला असतो हे लक्षात घ्या, मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं घटतो, म्हणजे लांब जाता जाता बराच कमी होतो. तरी आमच्या गल्लीच्या टोकाला ओढून बघितला तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या, पलीकडच्या बिल्डिंगचा वॉचमन शिट्टी वाजवत आला आणि सगळी कुत्री भुंकायला लागली. हेच तर पाहिजे. त्रास देणाऱ्याला अंधार आणि शांतता लागते, ती दोन्ही मोडली की त्याचं निम्मं बळ जातं. वारं नाही, नेम नाही, चुकून ओढला गेला तर कुणाचे डोळे जळत नाहीत, माझ्या नववीतल्या पुतणीच्या सॅकला पण तोच लावलाय, लहान मुलीच्या हातात स्प्रे द्यायची माझी हिंमत नाही. एकच त्रास, बटण सेल महिन्यातून एकदा तपासावे लागतात, मी गॅस सिलेंडर बुक करते त्याच दिवशी पिन ओढून बघते म्हणजे विसरत नाही.

टॉर्च पण कामाचा आहे, मागच्या टोकाला बटण असलेला घ्या, मुठीत धरून अंगठ्यानं दाबता येतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्यावर एकदम प्रकाश पडला की समोरच्याला काही सेकंद दिसत नाही, आणि मुख्य म्हणजे कोण आहे ते आपल्याला दिसतं. आमच्या गल्लीत दोन दिवे महिनाभर बंद होते तेव्हा रोज वापरला. पहाटे 'चार भिंती' स्मारकाकडं फिरायला जाणाऱ्यांनी तर घ्याच, तिकडं कुत्र्यांचा पण प्रश्न असतो आणि कुत्र्याला लांबूनच टॉर्च दाखवून हळूहळू मागं सरकणं मला स्प्रेपेक्षा बरं वाटलं. शिट्टीबद्दल फार लिहीत नाही, पन्नास रुपये, सेल लागत नाही, गळ्यात ठेवा, पण भीतीनं श्वास आखडला की फुंकता येत नाही हे मी करून बघितलंय, जिना पळत चढून.

आता जे घेऊ नका ते. ऑनलाइन शॉकवाले टॉर्च मिळतात, स्टन गन म्हणून, टकटक ठिणग्या उडतात, दिसायला भारी. ते अंगाला टेकवावे लागतात म्हणजे माणूस चिकटेपर्यंत थांबायचं, जाड जॅकेट असेल तर उपयोग कमी, आणि विजेचा झटका देऊन माणसाला निकामी करणाऱ्या उपकरणांचा शस्त्र नियमांमध्ये उल्लेख आहे, तेव्हा साइटवर विकतायत म्हणजे बिनधास्त बाळगायला चालतं असं धरू नका. फोल्डिंग स्टीलचा दांडका पण नको, शिकल्याशिवाय तो आपल्या हातातून काढून आपल्यालाच मारला जातो. चाकू तर नाहीच नाही. बोटांच्या मधे किल्ल्या धरायच्या असं कॉलेजमध्ये सांगायचे, तसं धरून उशीवर एक बुक्की मारून बघा, आपलीच बोटं सोलतात.

कायद्याचं थोडं. स्वतःचा जीव वाचवायचा हक्क भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, १ जुलै २०२४ पासून ती लागू आहे, पूर्वी हेच आयपीसीत ९६ ते १०६ होतं. पण गरजेपेक्षा जास्त इजा केलेली चालत नाही, कलम ३७ बघा. म्हणजे अंगावर येणाऱ्याला स्प्रे मारला तर हक्क, तो पळून जाताना मागं लागून मारला तर गुन्हा होऊ शकतो. पार्किंगच्या भांडणात, शेजाऱ्याशी वादात अजिबात काढायचा नाही. २०२४ मध्ये कर्नाटक हायकोर्टापुढं असंच एक वादातलं प्रकरण आलं होतं, स्प्रे मारणाऱ्यांनी स्वसंरक्षण म्हटलं तरी जिवाला तसा धोका नव्हता म्हणून कोर्टानं गुन्हा रद्द केला नाही आणि स्प्रे धोकादायक हत्यार ठरू शकतं असं म्हटलं. विमानात पण चालत नाही, हातातल्या बॅगेत नाही आणि चेक इन बॅगेत पण नाही, पुण्याहून जाणार असाल तर घरी काढून ठेवा.

हे सगळं विकत घेऊन झालं आणि मग आमचे मामा आले. मामा पोलीस खात्यात ड्रायव्हर होते, मोटार परिवहन विभागात, खात्यात सगळे एमटी म्हणतात. मी एकेक वस्तू काढून दाखवली, त्यांनी अलार्म हातात घेतला, बरं केलंस म्हणाले, आणि मग विचारलं, "गाडी कुटं लावतीस लॅबवर?" मी म्हटलं बिल्डिंगच्या मागं, शेडखाली. "आणि तोंड कुनीकडं?" तोंड भिंतीकडं. मामा म्हणाले, "आगं मग ह्या डब्यांचा काय उपेग. गाडी कायम तोंड रस्त्याकडं करून लावायची, दिव्याखाली लावायची. आमाला पैल्या दिवशी ह्योच शिकवत्यात. मानूस गाडी मागं वळवाय लागला की त्येचं ध्यान सगळं गाडीत जातंय."

त्या दिवशी मामांकडून जे ऐकलं ते मला सगळ्या वस्तूंपेक्षा जास्त उपयोगी पडलं म्हणून ते पण रिव्ह्यूमध्येच लिहिते. पोलीस गाडी उभी करताना रिव्हर्समध्ये लावतात, निघताना सरळ निघता यावं म्हणून. सिग्नलला, गर्दीत पुढच्या गाडीला चिकटत नाहीत, पुढच्या गाडीचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसतील एवढं अंतर सोडतात म्हणजे स्टेअरिंग फिरवून बाजूनं निघता येतं. रात्री गस्तीला वीस तीसच्या वर स्पीड घेत नाहीत आणि थंडीत सुद्धा काच थोडी खाली ठेवतात, कारण काच तोडल्याचा, ओरडल्याचा आवाज बंद गाडीत ऐकू येत नाही. वर लाल निळा दिवा फिरतोय पण सायरन नाही आणि गाडी हळू चाललीय म्हणजे काही झालंय असं नाही, गस्तीची गाडी आहे, आम्ही आहोत हे लोकांना दिसावं म्हणून दिवा चालू. सायरन लावून चाललीय म्हणजे कॉल आहे, तेव्हा डावीकडं सरकून वाट द्यायची, आपत्कालीन गाडीला वाट न देण्याला मोटार वाहन कायद्यात १९४ ई खाली दहा हजारांचा दंड सांगितलाय. लोक म्हणतात पोलिसांना नियम कुठं असतात, तर २०१९ च्या दुरुस्तीत कलम २१० बी आलंय, कायदा राबवणाऱ्यानंच वाहतुकीचा गुन्हा केला तर त्याला दुप्पट दंड. मामा सीटबेल्टशिवाय गाडी हलवत नाहीत, अजून सुद्धा, आमच्या अल्टोत मागं बसले तरी.

आणि मागं पोलीस गाडी आली म्हणून घाबरून स्पीड वाढवू नका, ती बहुतेक वेळा तिच्या तिच्या राउंडवर असते. उलट, कुणी मागं लागलं तर घरी जाऊच नका, त्याला आपलं घर दिसतं. उजेडात जा, एसटी स्टँड, पेट्रोल पंप, सिव्हिलचं कॅज्युअल्टीचं दार, पोलीस चौकी. मी त्या तीन रात्री सरळ घरी आले होते, हे ऐकून मामा बराच वेळ बोलले नाहीत. आता माझ्या रस्त्यावर रात्री दहाला काय काय उघडं असतं ते मला पाठ आहे, दोन मेडिकल, एक पंप, एक चायनीजची गाडी. नाक्यावर आल्यावर मी ग्रेड सेपरेटरमधून, म्हणजे नाक्याखालच्या भुयारी रस्त्यानं, जात नाही, वरून जाते, आत रात्री कुणी नसतं आणि मधे वळायला जागा नाही.

साध्या गाडीतून कुणी पोलीस म्हणून हात दाखवला आणि जागा अंधारी असली तर इंडिकेटर लावायचा, स्पीड कमी करायचा, म्हणजे पळत नाही हे त्यांना कळतं, आणि पहिल्या उजेडाच्या ठिकाणी थांबायचं, थांबून ११२ ह्या इमर्जन्सी नंबरला विचारायचं. खरा पोलीस असेल तर त्याला त्यात राग यायचं कारण नाही असं मामा म्हणतात. नाकाबंदीला कारमध्ये असाल तर हेडलाइट डिम, आतला दिवा चालू, हात स्टेअरिंगवर.

११२ चं पण सांगते. महाराष्ट्रात २०२१ पासून ही सेवा आहे, फोन साताऱ्यात नाही लागत, नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात लागतो, तिथून जिल्ह्याच्या गाडीला कॉल जातो, गाडीत जीपीएस आणि स्क्रीन असते. त्यामुळं फोनवर "राधिका रोडला आहे" एवढं सांगून भागत नाही, सातारा शहर, मग रस्ता, मग मोठी खूण, ह्या क्रमानं सांगा. मी जानेवारीत एकदा फोन केला होता, लॅबच्या खाली दोघंजण दारू पिऊन आमच्या रिसेप्शनच्या मुलीची गाडी अडवून बसले होते. फोनवरच्या ताईंनी शांतपणे विचारलं, दार आतून बंद करायला सांगितलं, गाडी तेरा मिनिटांत आली, एक अंमलदार आणि ड्रायव्हर. ड्रायव्हर गाडीतच बसून होते, इंजिन चालू, तोंड रस्त्याकडं. मामांचं बोलणं मला तेव्हा डोळ्यासमोर दिसलं. ती तेरा मिनिटं दार बंद होतं म्हणून निघाली, रस्त्यावर असतो तर अलार्म आणि स्प्रे त्या तेरा मिनिटांसाठी लागले असते, मी ह्या वस्तूंकडं तसंच बघते. ११२ इंडिया ॲप टाकून ठेवा, त्यात बायकांसाठी शाउट म्हणून पर्याय आहे, जवळपासच्या स्वयंसेवकांना पण कळतं. आणि फोनच्या सेटिंगमध्ये इमर्जन्सी एसओएस बघून घ्या, पॉवर बटण किती वेळा दाबायचं ते फोनप्रमाणे बदलतं, सासूबाईंच्या साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं असतं, ते मी त्यांना लिहून दिलंय.

तर आत्ता माझ्याजवळ काय राहिलंय, जॅकेटच्या उजव्या खिशात स्ट्रीमवाला स्प्रे, किल्लीला अलार्म, डाव्या खिशात टॉर्च. शिट्टी पुतणीला दिली. फॉगवाला डबा अजून निम्मा भरलेला आहे, तो सरावाला ठेवलाय. येत्या रविवारी सकाळी सातला आमच्या गच्चीवर लॅबमधल्या चौघी आणि गल्लीतल्या दोघी येणार आहेत, वारं त्या वेळी कमी असतं. करंज्यातल्या अजून कुणाला यायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा, येताना जुना गॉगल, मोठा रुमाल आणि पाण्याची बाटली आणा, लेन्स घालून येऊ नका.